डॉ. वसंत खानोलकर : कर्करोग आधी मोजायला शिकवणारे डॉक्टर

‘डॉक्टर, दुर्बिणीची तपासणी न करता मोठ्या आतड्याचा कर्करोग कळेल का?’ हा प्रश्न आता लहान शहरांतल्या ओपीडीतही ऐकू येतो. कोणाच्या घरात असा रुग्ण झालेला असतो, कोणी मोबाईलवर शौचाच्या किंवा रक्ताच्या नव्या चाचणीबद्दल वाचलेलं असतं, तर कोणाला कोलोनोस्कोपीची भीती किंवा लाज वाटत असते.

याचं उत्तर देण्याआधी डॉक्टरला तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. हा आजार आपल्या लोकांत किती होतो? तो कोणाला जास्त होतो? आणि संशय आला तर तो पक्का कसा करायचा? भारतात कर्करोगाबद्दल हे तीन प्रश्न शिस्तीने विचारायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं नाव अगदी पुढे आहे. त्यांचं गाजलेलं काम तोंडाच्या आणि त्वचेच्या कर्करोगावर आणि कुष्ठरोगावर आहे, आतड्यावर नाही. तरीही आतड्याच्या तपासणीचा निर्णय घेताना त्यांची विचार करण्याची पद्धत आजही उपयोगी पडते. म्हणून आधी त्यांची ओळख करून घेऊ आणि मग तपासण्यांकडे वळू.

प्रयोगशाळेची वाट

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि 1923 साली लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी त्यांनी विकृतिशास्त्रात, म्हणजे पॅथॉलॉजीत, मिळवली.

त्या काळी हुशार डॉक्टरने पॅथॉलॉजी निवडणं ही नेहमीची गोष्ट नव्हती. रुग्ण ओळखतो तो फिजिशियनला आणि सर्जनला. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून, त्याचे अतिशय पातळ काप करून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा डॉक्टर सहसा रुग्णाला भेटतही नाही. पण गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे शेवटी तोच सांगतो.

भारतात परतल्यावर खानोलकरांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवली. पुढे देशातल्या पॅथॉलॉजिस्ट आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची संघटना उभी राहिली, तेव्हा तिचे संस्थापक अध्यक्षही तेच झाले. भारतातल्या पॅथॉलॉजीचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो, त्यामागे ही सारी कामगिरी आहे.

टाटा रुग्णालयातली प्रयोगशाळा

1931 साली लेडी मेहेरबाई टाटा यांचं रक्ताच्या कर्करोगाने निधन झालं. त्यांच्या स्मृतीसाठी सुरू झालेल्या प्रयत्नांतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी त्याचं उद्घाटन झालं. खानोलकर तिथे प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाचे प्रमुख झाले.

कर्करोग हा मुख्यतः पाश्चात्त्य देशांचा आजार आहे, आपल्याकडे तो फारसा होत नाही, असा समज तेव्हा बराच पसरलेला होता. परळच्या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येऊ लागले आणि वेगळंच चित्र दिसू लागलं. कर्करोग भारतातही भरपूर होता, फक्त तो वेगळ्या अवयवांत होता. युरोपात जठराचे आणि आतड्याचे रुग्ण अधिक, तर इथे तोंड आणि घशाचे. एकाच देशात दोन प्रांतांत, दोन समाजांतसुद्धा फरक दिसत होता.

खानोलकरांनी हा फरक योगायोग म्हणून सोडून दिला नाही. रुग्ण कुठला, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हे प्रश्न त्यांच्यासाठी स्लाइडइतकेच महत्त्वाचे होते.

धोतर, खैनी आणि चुट्टा

1945 साली खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्यबाई यांनी सवयींमुळे होणाऱ्या कर्करोगाच्या तीन भारतीय प्रकारांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पहिला प्रकार कमरेच्या त्वचेचा. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट कसून नेसल्याने तिथली कातडी सतत घासली जाते, काळवंडते, जाड होते, आणि काही जणांत तिथे न भरणारी जखम होऊन कर्करोग होतो. साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही परकराच्या नाडीच्या जागी हाच आजार आढळतो. दुसरा प्रकार खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांना नेमका त्याच जागी कर्करोग होत होता. तिसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा पेटलेलं टोक तोंडात धरून ओढण्याची प्रथा होती आणि तिथे टाळूचा कर्करोग दिसत होता.

या निरीक्षणांचा अर्थ साधा आहे आणि फार मोठाही आहे. सवयीमुळे होणारा आजार सवय बदलून टाळता येतो. शिवाय कोणाची तपासणी आधी करायची, हेही त्यातून कळतं.

1955 साली खानोलकरांनी डॉ. लाभशंकर संघवी आणि राव या सहकाऱ्यांबरोबर तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. तो अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. तंबाखूविरोधात आज आपण जे बोलतो, त्यामागे अशा संथ, चिकाटीच्या नोंदी आहेत.

संशोधन केंद्र आणि पुढची वर्षं

1952 साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं. त्याची उभारणी खानोलकरांनी केली आणि पहिले संचालकही तेच होते. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडल्या. शरीरातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून अभ्यासण्याची प्रयोगशाळा रणदिवेंनी याच केंद्रात उभी केली.

कुष्ठरोगावरचं खानोलकरांचं कामही तितकंच मोलाचं आहे. या आजाराचे जंतू अगदी सुरुवातीपासून त्वचेतल्या नसांकडे कसे वळतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासलं. चट्ट्याच्या जागी बधिरपणा आहे का, हे डॉक्टर का पाहतात याचं उत्तर नसांच्या या सहभागात आहे.

1950 ते 1954 या काळात ते आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्ष होते. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीतही त्यांनी काम केलं. भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमलं आणि पद्मभूषण देऊन गौरवलं. 1960 ते 1963 ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांचं निधन 29 ऑक्टोबर 1978 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी झालं.

टाटा मेमोरियल रुग्णालय आणि त्यांचं संशोधन केंद्र 1966 साली एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. संशोधनाचा भाग पुढे नवी मुंबईत खारघरला गेला. तिथली एक इमारत आज ‘खानोलकर शोधिका’ या नावाने ओळखली जाते.

मोजणी जालन्याच्या जवळ आली तेव्हा

रुग्णालयात आलेले रुग्ण मोजून पूर्ण चित्र मिळत नाही, कारण सगळे रुग्ण तिथवर पोहोचत नाहीत. एखाद्या भागातल्या एकूण लोकसंख्येत दरवर्षी किती जणांना कोणता कर्करोग झाला, हे लिहून ठेवावं लागतं. अशी देशातली पहिली नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 साली मुंबईत सुरू केली. नंतर पुणे, औरंगाबाद आणि नागपूर इथेही नोंदणी सुरू झाली. 1987 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला ग्रामीण भागासाठी नोंदणी सुरू झाली. जालना 1 मे 1981 रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी तो औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे औरंगाबाद आणि बार्शीची आकडेवारी आपल्या भागासाठी अधिक जवळची आहे.

या नोंदी काय सांगतात? मोठ्या आतड्याचा कर्करोग मराठवाड्याच्या गावांत मुंबईपेक्षा कमी, आणि मुंबईतही अमेरिका-युरोपपेक्षा बराच कमी आढळतो. आपल्याकडे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हे मोठे प्रश्न आहेत. म्हणूनच 2016 साली ठरलेल्या सरकारी कार्यक्रमात 30 वर्षांवरील व्यक्तींसाठी याच तीन कर्करोगांची तपासणी ठेवली आहे. आतड्याच्या कर्करोगासाठी सरसकट सगळ्यांची तपासणी त्यात नाही.

याचा अर्थ हा आजार आपल्याला होतच नाही, असा मात्र नाही. शहरी राहणी, वाढतं वजन, तंबाखू, दारू, प्रक्रिया केलेलं मांस आणि बैठं काम यांमुळे धोका वाढतो. आणि आपल्याकडचे बरेच रुग्ण फार उशिरा डॉक्टरकडे पोहोचतात.

आधी एक फरक समजून घ्या

तपासणीचा पर्याय शोधण्याची मुभा फक्त ज्यांना काहीही त्रास नाही त्यांना आहे. याला स्क्रीनिंग म्हणतात.

पुढीलपैकी काही असेल तर ते स्क्रीनिंग राहत नाही, ते आजाराचं निदान ठरतं:

- शौचावाटे रक्त किंवा रक्तमिश्रित चिकट आव
- शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल
- शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची सततची भावना
- कारण न कळता कमी झालेलं वजन
- पुरुषांत, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत, लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय
- पोटात किंवा गुदद्वाराशी हाताला लागणारी गाठ

अशा वेळी शौचाची साधी चाचणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत राहू नका. डॉक्टरांनी बोटाने गुदतपासणी करून गरजेप्रमाणे दुर्बिणीची तपासणी करणं हाच योग्य मार्ग आहे. रक्त पडलं की मूळव्याध समजून महिनोन् महिने चूर्ण, मलम किंवा इंजेक्शनं घेत राहणं ही आपल्याकडची सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मूळव्याध आणि कर्करोग एकाच रुग्णाला एकाच वेळी असू शकतात.

त्रास नसलेल्यांसाठी पर्याय

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा आतल्या आवरणावर उगवणाऱ्या छोट्या मांसल कोंबापासून, म्हणजे पॉलिपपासून, सुरू होतो. त्याचा कर्करोग व्हायला सहसा दहा वर्षांच्या आसपास काळ जातो. हीच आपल्या हातातली संधी असते.

*शौचातलं न दिसणारं रक्त.* ही कल्पना जुनी आहे. ग्वायाक या झाडाच्या राळेने रक्त ओळखण्याची रीत 1864 सालची आणि जर्मन डॉक्टर इस्मार बोआस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पोटाच्या आजारांसाठी रूढ केली. खानोलकर लंडनला शिकत होते तेव्हाही ती डॉक्टरांना माहीत होती. पण धडधाकट माणसांत कर्करोग शोधण्यासाठी तिचा वापर 1960 च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. मिनेसोटा इथे 46 हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात दरवर्षी ही चाचणी करणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. तो अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. या चाचणीत मटण, कच्चा मुळा किंवा ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांनी निकाल चुकू शकतो.

*फिट चाचणी.* ही त्याच चाचणीची सुधारलेली पिढी. ती फक्त मानवी रक्तातलं प्रथिन ओळखते, त्यामुळे जेवणाचं पथ्य लागत नाही. पोट साफ करण्याचं औषध नाही, भूल नाही, कामाचा खाडा नाही. कर्करोग असेल तर शंभरपैकी साधारण 75 ते 80 जणांत ती तो पकडते. पॉलिप मात्र तिच्यातून बरेचसे निसटतात, म्हणून ती दरवर्षी करावी लागते. स्पेनमध्ये झालेल्या आणि 2025 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनंतर आतड्याच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या बाबतीत फिटचं निमंत्रण कोलोनोस्कोपीच्या निमंत्रणापेक्षा कमी पडलं नाही. त्याचं एक मोठं कारण असं की फिट करायला अधिक लोक तयार झाले. जपानने तर 1992 पासूनच हा मार्ग धरला आहे.

मराठवाड्यासाठी एक सूचना. उन्हात आणि उकाड्यात नमुन्यातलं प्रथिन विघटित होतं आणि निकाल खोटा निर्दोष येऊ शकतो. नमुना सकाळी घेऊन लवकर लॅबमध्ये द्या, गाडीच्या डिकीत ठेवू नका. ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ असं लिहिलेली तपासणी ग्वायाकची आहे की फिटची, हेही लॅबला विचारा.

*शौचातल्या डीएनएची चाचणी.* ती कर्करोग अधिक अचूक पकडते, पण आजार नसताना दोषी निकाल येण्याचं प्रमाणही जास्त आहे. महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही.

*सीटी कोलोनोग्राफी.* सीटी स्कॅनने आतड्याची आतली बाजू पाहिली जाते. मोठे पॉलिप चांगले दिसतात. पण पोट साफ करण्याचं औषध घ्यावं लागतं, किरणोत्सर्ग होतो आणि पॉलिप दिसला तर काढता येत नाही. साधारण दर पाच वर्षांनी करतात.

*सिग्मॉइडोस्कोपी.* छोट्या दुर्बिणीने आतड्याचा फक्त शेवटचा भाग पाहिला जातो. उजव्या बाजूचे आजार तिच्यात दिसत नाहीत.

*रक्ताच्या चाचण्या.* अमेरिकेत 2024 साली अशी एक चाचणी मान्य झाली. ती कर्करोग बऱ्यापैकी पकडते, पण पॉलिप फारच कमी. ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये दिसणारी सीईए ही रक्ताची चाचणी मात्र स्क्रीनिंगसाठी नाही. ती आजार सापडल्यानंतर उपचारांचा मागोवा घेण्यासाठी वापरतात.

सगळे रस्ते शेवटी कुठे जातात

वरीलपैकी कोणतीही तपासणी दोषी आली तर पुढची पायरी कोलोनोस्कोपीच असते. फिट दोषी आल्यावर पुन्हा फिट करून निर्दोष निकालाची वाट पाहणं, किंवा मूळव्याध आहे म्हणून तो निकाल बाजूला ठेवणं, म्हणजे चाचणी वाया घालवणं. घाबरण्याचंही कारण नाही. फिट दोषी आलेल्या बहुतेक लोकांना कर्करोग नसतो. अनेकांत पॉलिप सापडतो, तो त्याच वेळी दुर्बिणीतून काढता येतो आणि पुढचा कर्करोग टळतो.

दुर्बिणीत काही सापडलं तर तो तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. इथे खानोलकरांचं आयुष्यभराचं काम पुन्हा समोर येतं. स्कॅन संशय दाखवतो, चाचणी इशारा देते, पण कर्करोग आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखालचा काप सांगतो. त्यामुळे बायोप्सीचा अहवाल जपून ठेवा. दुसरा सल्ला घ्यायला जाताना तो अहवाल आणि शक्य असल्यास स्लाइड व मेणाचे ब्लॉकही सोबत न्या. बायोप्सीने कर्करोग पसरतो या भीतीपोटी तपासणी टाळू नका.

मग तुम्ही काय करावं?

*घरात कोणाला हा आजार नाही, तुम्हाला त्रास नाही, वय 45 ते 50 च्या पुढे आहे :* डॉक्टरांशी बोलून दरवर्षी फिट करणं हा विचार करण्याजोगा, सोपा पर्याय आहे. पण तंबाखू खात असाल तर तोंडाची तपासणी आधी. स्त्रियांनी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आधी करून घ्यावी.

*आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मुलाला आतड्याचा कर्करोग झाला आहे :* तुमच्यासाठी सहसा थेट कोलोनोस्कोपीच सुचवली जाते, वयाच्या 40 व्या वर्षी, किंवा नातेवाइकाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा. घरात अनेकांना तरुण वयात आजार झाला असेल तर त्याहूनही आधी.

*त्रास आहे :* पर्याय शोधू नका, डॉक्टरांकडे जा.

जालन्यात 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. निदान झाल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: घरात कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला, तुमच्या सवयी काय आहेत, आणि त्रास असेल तर तो कधीपासून आहे. तुमच्यासाठी कोणती तपासणी योग्य, हे ठरवायला या तीन ओळी डॉक्टरांच्या खूप कामी येतात.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासणी आणि उपचारांचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)